इसहाक मिस्त्रींचे चौकोन

इसहाक मिस्त्रींनी बिस्किटाचा पुडा घेतला की पहिलं काम म्हणजे त्यावरच्या बाळाचं तोंड फाडणं. पुडा फुटायचा तो नंतर. विसरवाडीच्या फाट्यावर, चहाच्या टपरीत मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. बाकीच्या कागदाला धक्का न लावता त्यांनी बाळ तेवढं अलगद काढलं, घडी घालून खिशात टाकलं आणि मग शांतपणे बिस्किट चहात बुडवलं.

"मिस्त्री, त्या बाळनी तुमनं काय बिघाडं?" मी विचारलं.

"बाळावर माझा राग नाही," मिस्त्री म्हणाले. "पण दुसरी आज्ञा आहे."

दुसरी आज्ञा म्हणजे बायबलातल्या दहा आज्ञांपैकी दुसरी. कोरीव मूर्ती करू नये; वर आकाशात, खाली पृथ्वीवर आणि पृथ्वीखालच्या पाण्यात जे काही आहे त्याची प्रतिमा करू नये, तिच्या पाया पडू नये. ही माहिती मला मिस्त्रींनीच त्या पहिल्या चहाला दिली, आणि पुढची बारा वर्षं ते ती मला रोज नव्यानं देत राहिले. कारण माझं दुकान त्यांच्या दुकानाला लागून होतं आणि माझं दुकान होतं फोटो स्टुडिओचं. पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम, झेरॉक्स, लॅमिनेशन. मी मूळचा रनाळ्याचा, पाटील. शेती भावाकडं सोपवून पोटापाण्यासाठी हायवेला आलो, आणि नेमका या माणसाच्या शेजारी गाळा घेतला. मिस्त्री मला कधी पाटील म्हणाले नाहीत. मला ते "मूर्तिकार" म्हणत.

"मूर्तिकारा, चहा घेतोस काय?"

हे त्यांचं बोलणं. घरात त्यांची डोंगराकडची बोली होती, बाजारात सगळे अहिराणी बोलत. पण मिस्त्री मराठी शिकले ते बायबल वाचून. त्यामुळे एसटीच्या कंडक्टरलाही ते "हे बंधो, मला नवापुरास जाणे आहे" असं सांगायचे. कंडक्टर आधी दचकायचा आणि मग त्यांना बसायला जागा करून द्यायचा.

हाताचं कसब मात्र असं की सागाच्या दोन फळ्या त्यांनी जोडल्या तर सांधा शोधायला नख फिरवावं लागायचं. माझं काउंटर त्यांचं, शोकेसही त्यांचीच. शोकेस बसवून झाल्यावर मी नमुन्याचे फोटो आत लावायला घेतले, तसे ते पाठ फिरवून उभे राहिले. "मी पेटी केली आहे," म्हणाले. "आत काय घालतोस ते मी पाहिले नाही."

माझ्या बायकोला देव्हारा हवा होता. मी म्हटलं, हे काही जमायचं नाही. पण मिस्त्री तयार झाले. लाकडाचं घर करायला त्यांची हरकत नव्हती. आत कोण राहणार हा त्यांच्या मते भाडेकरूचा प्रश्न होता. बायकोनं कमानीवर दोन मोर मागितले.

"मोर आकाशातला," मिस्त्री म्हणाले. "चालणार नाही."

"मग हत्ती करा."

"पृथ्वीवरचा."

"बरं, कमळ तरी?"

"पाण्यातले," मिस्त्रींनी खेदानं मान हलवली.

आता मलाच राहवेना. "मंग मिस्त्री, कोराले ऱ्हायनं काय?"

"चौकोन," मिस्त्री म्हणाले. "चौकोन देवाने कोठेही घडविलेला नाही. तो माणसाचा आहे. तो हवा तितका मिळेल."

आमचा देव्हारा आला. चारी बाजूंनी चौकोन, चौकोनात चौकोन, इतके सुबक की बघत राहावं. फक्त पाहुण्यांना तो मसाल्याचं कपाट वाटतो. माझ्या चुलतसासूनं एकदा त्यात हळद शोधली होती. विसरवाडीच्या आसपास कुठल्याही घराच्या दारावर, पाळण्यावर, खाटेच्या पायावर चौकोन दिसला की समजायचं, हे मिस्त्रींचं काम.

त्यांचा खरा छंद मात्र दुसऱ्यांच्या मूर्ती शोधण्याचा. मूर्ती दगडाचीच असते असं नाही, हे त्यांचं म्हणणं. माणूस सकाळी उठून पहिल्यांदा ज्याचं तोंड बघतो, जे हरवलं तर रडतो, ज्याच्यासाठी शेजाऱ्याशी भांडतो, ती त्याची मूर्ती. बायबलातला मोशे देवाकडून या आज्ञा आणायला डोंगरावर गेला असताना खाली लोकांनी कान-नाकातलं सोनं वितळवून वासरू केलं आणि त्याच्यापुढं नाचले, ही गोष्ट त्यांच्या फार आवडीची. फाट्यावर वाढदिवसाचा नवा फ्लेक्स लागला, त्यावर हात जोडलेले भावी सरपंच झळकले, की मिस्त्री रंधा थांबवून मला हाक मारायचे, "मूर्तिकारा, नवीन वासरू उभे राहिले रे!" माझा मोबाइल वासरू. अक्कलकुव्याच्या एका गिऱ्हाइकाची हार घातलेली गाडी, तेही वासरू. एकदा तर त्यांच्या चर्चचे पाळकसाहेब नव्या मोटरसायकलवरून उतरले आणि रुमालानं टाकी पुसायला लागले, तर मिस्त्री त्यांच्या तोंडावर म्हणाले, "साहेब, वासरू गोजिरवाणे आहे."

या सगळ्यावर हसणारी एकच व्यक्ती होती, ती त्यांची बायको, मार्थामावशी. दुपारी डबा घेऊन यायची आणि दुकानाच्या पायरीवर बसायची.

"आनि तुमना रंधा?" ती विचारायची. "त्याले कोनी हात लाया का घर डोक्यावर लेतस. तो कोन शे? वासरूच ना?"

मिस्त्री रंधा उचलून फळ्यांमागं ठेवायचे. रंध्याला खरंच कोणी हात लावायचा नाही, अशी ताकीद होती.

मावशीला एक फूल हवं होतं. मोहाचं. तिच्या माहेरी अंगणात मोहाचं झाड होतं, आणि भांड्यांच्या मांडणीवर कोपऱ्यात एवढंसं मोहाचं फूल कोरून द्या, असं ती लग्नापासून मागत होती. मिस्त्रींनी तिला मांडणी दिली, पाट दिले, पेटी दिली, सगळ्यांवर चौकोन. "चाळीस वरीस व्हयी गयात," ती मला सांगायची, "मन्हा घरमा एक फूल उगनं नही." आणि पुन्हा हसायची. तिचं हसू सुरू झालं की लवकर आवरत नसे.

मिस्त्रींना कोड्यात पकडायचा नाद मलाही होता. पाळकसाहेबांकडून मला कळलं की देवानं आज्ञा ठेवायला जो कोश, म्हणजे पेटी, करायला सांगितला, त्याच्या झाकणावर पंखवाले दोन देवदूत घडवायला त्यानंच सांगितलं होतं. मी धावतच गेलो. "मंग कोरेल चालस ना मिस्त्री!" मिस्त्री दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दारात येऊन म्हणाले, "ते देवाने सांगितले होते. मला सांगितलेले नाही." विषय संपला.

सरकारी फोटोंसाठी मात्र त्यांनी वाट काढली होती. येशूला कोणी कर देण्याबद्दल विचारलं, तेव्हा त्यानं नाणं मागवून त्यावरचा मुखवटा कोणाचा ते विचारलं, आणि कैसराचं, म्हणजे रोमच्या बादशहाचं, कैसराला द्या म्हणून सांगितलं. त्या न्यायानं मतदार कार्ड, आधार कार्ड हे सगळं कैसराचं. तेवढ्यापुरता फोटो काढू द्यायचा आणि कार्ड ट्रंकेत तळाला ठेवायचं. शाळेत आधारचा कॅम्प लागला तेव्हा मी तिथंच होतो. मार्थामावशी कॅमेऱ्यासमोर बसली, आणि मिस्त्री बाजूला काठीसारखे ताठ उभे राहून म्हणाले, "मार्था, हसू नको. हे कैसराचे काम आहे." झालं. मावशीनं ओठ गच्च मिटले, गाल फुगले, एक डोळा बारीक झाला, आणि नेमकं तेव्हाच ऑपरेटरनं बटण दाबलं. बाहेर आल्यावर ती पोट धरून हसली.

आता एक गोष्ट सांगतो, ती मला टोचते. मागच्या दिवाळीत मावशी एकटी माझ्या दुकानात आली होती. शोकेसमधले फोटो बघितले आणि हळूच म्हणाली, "भाऊ, मन्हा एक फोटो काढी दे ना. एस्तेरले देसू. पन यास्ले सांगू नको." एस्तेर म्हणजे तिची मुलगी, व्याऱ्याला दिलेली, तिथं दवाखान्यात नर्स आहे. दुकानात गर्दी होती, शेजारी मिस्त्रींचा रंधा चालू होता, आणि खरं सांगायचं तर मी घाबरलो. म्हटलं, "मावशी, नाताळले काढसूत. नवं लुगडं नेसीसन या." नाताळाच्या दहा दिवस आधी मावशी तापानं गेली.

दफनानंतर स्मरणाची प्रार्थना होती. एस्तेरला वाटत होतं, समोर टेबलावर आईचा फोटो असावा. फोटो एकच होता, आधार कार्डावरचा. तो मोठा करून आणते म्हणाली. मिस्त्रींनी कार्ड दिलं नाही. "ते कैसराचे आहे," म्हणाले, "आणि तू त्यास हार घालशील." टेबलावर त्यांनी मावशीचं बायबल ठेवलं. एस्तेर सगळ्यांसमोर रडली, "बाबा, तुम्ही माझ्या आईला पुसून टाकलं," असं म्हणाली आणि व्याऱ्याची बस धरून गेली. आठ महिने ती आली नाही. फोनही नाही. मिस्त्री काम करत राहिले, बिस्किटाची बाळं फाडत राहिले. मला हाक मारणं मात्र कमी झालं.

त्याच दिवसांत त्यांचं झेरॉक्सचं सुरू झालं. दर बाजाराच्या दिवशी मिस्त्री येणार, खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं मावशीचं आधार कार्ड काढणार आणि म्हणणार, "एक प्रत दे. कचेरीत मागितली आहे." पहिल्या दोन-तीन वेळा ते खरं असेल. नाव कमी करायला, दाखल्याला कागद लागतातच. पण पुढं कुठली कचेरी उरली? मी विचारलं नाही. ते मात्र सूचना करत, "थोडी फिकट दे. साहेब म्हणतो, मुख काळे येते." मी मशीन फिकट करायचो. ते प्रत उजेडात धरून बघायचे आणि घडी न घालता, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवून न्यायचे. कचेरीचा कागद इतका जपून नेणारा माणूस मी पाहिला नव्हता.

मग एके दिवशी एस्तेर माझ्याच दुकानात आली. मिस्त्री कामाला बाहेरगावी गेलेत हे हेरून आली असावी. म्हणाली, "भाऊ, माझी मुलगी विचारते, आजी कशी होती? मी काय दाखवू तिला? तुमच्याकडं झेरॉक्स असेल तर द्या. काळी असली तरी चालेल." माझ्याकडं एकही प्रत नव्हती, मिस्त्री कधी मागं ठेवत नसत. ती जायला निघाली तेव्हा मला मावशीचं ते "पन यास्ले सांगू नको" आठवलं आणि स्वतःची लाज वाटली. मी तिला म्हटलं, रविवारी ये, मी बघतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मिस्त्रींच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. मिस्त्री मांडणीसमोर पाटावर बसून कोणाशी तरी भांडत होते.

"मीठ घातले आहे! दोनदा घातले! तू सांगितलेस तेवढेच घातले!"

घरात दुसरं कोणी नव्हतं. समोर डाळीचं पातेलं, आणि मांडणीला टेकवून ठेवलेली माझ्या मशीनची झेरॉक्स. मला बघून त्यांनी झटकन हात पुढं केला, पण आता लपवायला उशीर झाला होता. मी जवळ बसलो. झेरॉक्सवर नाव होतं, नंबर होता, पत्ता होता. चेहऱ्याच्या जागी नुसता राखाडी डाग.

"मिस्त्री, हाई काय शे?"

त्यांनी डाळीच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. मग त्यांनी आपला उजवा अंगठा माझ्यापुढं धरला. पॉलिशनं तांबूस झालेला, चिरा पडलेला अंगठा. "पॉलिशचा हात आहे," म्हणाले. "हात लावला की शाई सुटते. आठवडाभरात ती पुसून जाते. म्हणून पुन्हा यावे लागते."

मागं मावशीची पेटी होती, ती त्यांनीच उघडून दाखवली. तळाला सगळ्या जुन्या प्रती रचून ठेवलेल्या, सगळ्यांवर चेहऱ्याच्या जागी तोच डाग. त्यांना त्या फेकवल्या नव्हत्या.

"कार्डावरच्या मुखाला मी हात लावीत नाही," ते म्हणाले. "ते कैसराचे आहे. पण ही प्रत... सकाळी उठतो तर प्रथम हिचे मुख पाहतो. पुसले गेले तर मला रडू येते. मूर्तिकारा, माझीच लक्षणे मला ठाऊक आहेत." आणि बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला आज्ञेबद्दल काहीतरी विचारलं. "मी वासरू केले काय रे?"

मला बायबलाचं काय कळतं? आमच्या घरी वडिलांच्या फोटोला हार असतो, मी जाता-येता हात जोडतो, त्याचा कधी विचार केला नाही. पण मिस्त्रींनीच सांगितलेली एक गोष्ट माझ्या लक्षात होती. रानात लोकांना साप चावत होते, तेव्हा देवाच्या सांगण्यावरून मोशेनं पितळेचा साप करून खांबावर टांगला. ज्यानं त्याच्याकडं पाहिलं तो वाचला. पुढं पुष्कळ पिढ्यांनी लोक त्याच सापापुढं धूप जाळायला लागले, तेव्हा एका राजानं तो फोडून टाकला. "साप तोच होता," हे मिस्त्रींचंच वाक्य, "माणसे बदलली."

मी विचारलं, "तुम्ही तिना पाया पडतस का?"

"मी?" मिस्त्री चक्क रागावले. "मार्थेच्या पाया? कधीही नाही!"

"तिनाकडे काही मांगतस? नवस करतस?"

"काय मागणार? तिला साधे मीठ सांगता येत नाही. भांडतो मी."

"मंग? वासरासंगे कोनी भांडस का मिस्त्री?"

मिस्त्रींनी झेरॉक्स मांडणीला नीट टेकवली. मग त्यांनी पाणी प्यायलं, उपरण्यानं डोळे पुसले, उठून ट्रंक उघडली आणि कार्ड आणून माझ्या हातात दिलं. एस्तेर आली होती हे मी तोवर सांगितलंही नव्हतं. "तिच्यासाठी मोठा कर," म्हणाले. "रंगीत असू दे. चौकट मी करतो."

आधार कार्डावरचा फोटो मोठा करणं म्हणजे काय, हे आमच्या धंद्यातल्या माणसालाच ठाऊक. कडा फुटतात, नाकाचे ठिपके होतात. मी तीन संध्याकाळी त्यावर बसलो. लग्नाच्या अल्बमसाठीही मी कधी एवढं केलं नव्हतं. हळूहळू मावशी वर आली. गच्च मिटलेले ओठ, फुगलेले गाल, बारीक झालेला एक डोळा.

रविवारी चर्च सुटल्यावर एस्तेर आली. बापलेक माझ्या दुकानात समोरासमोर उभे राहिले आणि दोघंही काउंटरकडं बघत राहिले. मी फोटो पुढं केला. एवढ्या मोठ्या आकारात कोणालाही कळलं असतं की बाईला हसू अनावर झालंय आणि ती शेजारी उभ्या असलेल्या कोणासाठी तरी ते दाबून धरतेय.

मिस्त्री खूप वेळ बघत राहिले. मग आपल्या घरच्या बोलीत काहीतरी पुटपुटले. त्यात बायबलाचा एक शब्द नव्हता, मला फक्त "मार्था" तेवढं कळलं.

"काय म्हणतात?" मी एस्तेरला विचारलं.

"आईला रागावतात," एस्तेर म्हणाली. "तुला हसू नको म्हटलं होतं ना, म्हणतात." आणि तिनं वडिलांचा हात धरला, तोच तांबूस अंगठ्याचा.

चौकट सागाची होती, सांधा न दिसणारी, चारी कोपऱ्यांना चार चौकोन. फोटो आत बसवून मी ती बांधायला पालथी केली. मागच्या फळीवर, खाली उजव्या कोपऱ्यात, काहीतरी कोरलेलं होतं. गोलसर, थोडं वाकडं. चाळीस वर्षं चौकोन काढलेल्या हाताला गोलाई जमली नव्हती. पण ते मोहाचं फूल होतं.

"मिस्त्री," मी म्हटलं, "आनि दुसरी आज्ञा?"

मिस्त्री दाराकडं तोंड करून, हायवेवरचे ट्रक बघत उभे होते. "ते भिंतीकडे राहील," म्हणाले. "तिकडून कोणी पाया पडत नाही."

एस्तेरनं त्या फुलावरून बोट फिरवलं. मग चौकट सुलटी केली, आईचा चेहरा पदरानं पुसला आणि वडिलांना म्हणाली, "बाबा, चला माझ्याबरोबर. खिळा तुम्हीच ठोका."

मिस्त्री आत गेले, हातोडी घेऊन आले आणि व्याऱ्याच्या बसची वाट बघत तिच्याशेजारी उभे राहिले.